चेहऱ्यावरील सुरकुत्या व त्यांवरील उपचार

आयुर्वेदाचीं जीं आठ अंगें सांगितलीं आहेत, त्यांपैकीं रसायन हें अंग जरेला दूर ठेवण्यासाठींच निर्माण झालें. आणि त्या प्रकरणांत वली व पलित, म्हणजे कातडीवरच्या वळ्या आणि पिकलेले केंस, हे दोन शब्द बहुधा जोडीनेंच येतात. अश्विनीकुमारांनीं वृद्ध च्यवनाला पुन्हां तरुण केल्याची कथा महाभारताच्या वनपर्वांत आहे. आणि ययातीनें आपलें वार्धक्य मुलांपुढें मांडून त्यांचें तारुण्य मागितलें, ही कथा तर आपल्या घरांतील लहान मुलांसही ठाऊक असते. तेव्हां तोंडावरच्या सुरकुत्या जाव्या ही इच्छा म्हणजे आजकालच्या शिकलेल्या बायकांनीं काढलेली नवी टूम होय, असें जें पुष्कळ घरांतील वडीलधारीं माणसें म्हणतात, तें बरोबर नाहीं. च्यवन आणि ययाति हे दोघेही पुरुषच होते. इच्छा जुनी आहे. बाजार मात्र नवा आहे. त्या बाजारांत खरें काय, व्यर्थ काय आणि घातक काय, याचा विचार या महिन्यांत करण्याचें योजिलें आहे.

या विषयाला निमित्त झालें तें ब्रह्मपुरी तालुक्यांतील एका वाचक भगिनीच्या पत्राचें. त्यांची सून शिक्षिका असून रोज स्कूटरवरून दुसऱ्या गांवीं शाळेला जाते. वय अवघें अडतीस. परंतु कपाळावर आणि डोळ्यांच्या कडांना वळ्या दिसूं लागल्या. घरांत थट्टा झाली. थोरल्या जावेपेक्षां हीच मोठी दिसते, असें पाहुण्यांदेखत कोणी तरी म्हणालें. सूनबाईंनीं उलट उत्तर केलें नाहीं. पण कोणास न सांगतां ओळखीच्या एका पार्लरमधून डबीवर धड नांवही नसलेलें एक मलम आणलें. महिनाभर चेहरा तुकतुकीत दिसला. आतां मात्र उन्हांत गेलें कीं आग होते, लाली उतरत नाहीं, आणि मलम एक दिवस चुकलें तर तोंड सुजल्यासारखें होतें. आतां ती नागपुरास जाऊन इंजेक्शनें घेण्याच्या गोष्टी बोलते. ‘कुलीन घरांतील सुनेला हें शोभतें काय? आणि त्यापासून अपाय तर होणार नाहीं ना?’ असे दोन प्रश्न भगिनींनीं विचारले आहेत. त्यांपैकीं दुसऱ्याचें उत्तर आधीं देतों. कारण वस्तुस्थिति समजल्यावांचून पहिल्या प्रश्नाचा निर्णय करणें म्हणजे पुरावा न ऐकतां निकाल देण्यासारखें आहे.

सुरकुती ही एकाच कारणानें पडत नाहीं, आणि हेंच न कळल्यामुळें पुष्कळांचा पैसा वायां जातो. आपल्या कातडीचे मुख्य थर दोन. वरचा पातळ असून तो सतत झडतो व नवा येतो. त्याखालचा थर जाड असून त्यांत कोलाजेन नांवाच्या तंतूंचें जाळें असतें. त्यानें कातडीला बळकटी येते. त्याच्या जोडीला दुसरे लवचिक तंतु असतात. चिमटा काढून सोडला कीं कातडी पुन्हां जागेवर जाते ती यांच्यामुळें. हे दोन्ही तंतु क्षीण झाले म्हणजे कातडीला बारीक चुण्या पडतात. ही सुरकुत्यांची पहिली जात. दुसरी जात स्नायूंच्या हालचालीनें पडते. कपाळाला आठ्या घालणें, उन्हांत डोळे बारीक करणें, या हालचाली वर्षानुवर्षें एकाच ठिकाणीं होतात. आणि कागद पुन्हां पुन्हां एकाच रेषेवर मोडला म्हणजे ती घडी जशी कायमची राहते, तशी येथेंही राहते. तिसरी जात आधार गेल्यामुळें पडते. गालांतील चरबी उतरते, जबड्याचें हाड झिजतें, दांत पडतात, आणि वरचें कातडें मोठ्या माणसाचा अंगरखा लहान मुलाला घालावा तसें ढिलें पडतें. चौथी जात म्हणजे गाल व गळा यांची एकंदर कातडीच सैल होऊन खालीं ओघळणें. बाजारांतील प्रत्येक उपाय या चारांपैकीं एखाद्याच जातीवर चालतो. विक्रेता मात्र तो चारींवर चालतो असें सांगतो.

यांपैकीं पहिल्या जातीचा मुख्य कर्ता वय नसून ऊन आहे, असें सांगितलें तर पुष्कळांस आश्चर्य वाटेल. याची प्रचीति घरबसल्या घेतां येते. साठीच्या कोणाही माणसानें आपल्या दंडाची आंतील बाजू आणि आपला चेहरा किंवा हाताचा पंजा यांची तुलना करून पाहावी. दोन्हींचें वय एकच. पण दंडाची ती नेहमीं झांकलेली कातडी कितीतरी मऊ व सपाट आढळेल. अमेरिकेंतील एका वैद्यकीय नियतकालिकांत २०१२ सालीं एका ६९ वर्षांच्या गृहस्थाचें छायाचित्र प्रसिद्ध झालें होतें. त्यांनीं २८ वर्षें मालमोटार चालविली होती. त्यांच्या चेहऱ्याची खिडकीकडील डावी बाजू खोल वळ्यांनीं भरलेली, आणि उजवी बाजू त्या मानानें साफ. जणूं दोन निरनिराळ्या वयांचीं माणसें एका चेहऱ्यांत जोडलीं होतीं. उन्हांतील जे अतिनील किरण कातडीच्या खोल थरापर्यंत जातात, ते खिडकीच्या कांचेंतून बरेचसे आंत येतात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, एवढाच काय तो फरक. बल्लारपूर-वणीच्या कोळशाच्या गाड्या हांकणाऱ्यांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी हीं गांवें उन्हाळ्यांत साऱ्या देशांत गाजतात; मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि क्वचित् ४७ अंशांसही पोंचतो. त्यामुळें आपल्या लोकांस वाटतें कीं, त्वचेचें नुकसान होतें तें उष्म्यानें. वस्तुतः उष्मा आणि हे अतिनील किरण या दोन निराळ्या गोष्टी आहेत. किरण अंगाला जाणवत नाहींत. मार्गशीर्षांतील कोंवळें वाटणारें दुपारचें ऊन किंवा पातळ ढगांतून आलेला उजेड, यांतही ते असतात. मोहाचीं फुलें वेंचण्यास पहांटे निघून दुपारीं परतणाऱ्या, पुढें मे महिन्यांत तेंदूपानांच्या हंगामांत रानोमाळ हिंडणाऱ्या गडचिरोलीकडील श्रमजीवी बायकांच्या चेहऱ्यावर लवकर वळ्या दिसतात, त्या वयाच्या नव्हेत, उघड्यावर केलेल्या कष्टाच्या होत. स्कूटरवरून रोज जाणाऱ्या शिक्षिकेचेंही तेंच आहे. निसर्गानें आपल्याला सांवळा वर्ण दिला आहे, हें या बाबतींत मोठें भाग्य समजावें. कातडींतील रंगद्रव्य हें छत्रीचें काम करतें. म्हणूनच गोऱ्या यूरोपियनांपेक्षां आपल्याकडे सुरकुत्या पुष्कळ उशिरां येतात. ज्या वर्णाला आपण विवाहाच्या बाजारांत नांवें ठेवतों, तोच वर्ण आपली ही सेवा करीत असतो.

सबब, सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय म्हणजे आच्छादन. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलँड प्रांतीं नांबूर नांवाचें गांव आहे. तेथें १९९२ ते १९९६ पर्यंत ५५ वर्षांखालील ९०३ माणसांवर एक प्रयोग करण्यांत आला. चिठ्ठ्या टाकाव्या तशा रीतीनें त्यांचे गट पाडले. एका गटानें रोज नेमानें सनस्क्रीन लावावें, दुसऱ्यानें आपल्या मर्जीप्रमाणें. साडेचार वर्षांनंतर पाहिलें तों नेमानें लावणाऱ्यांच्या त्वचेच्या जीर्णपणांत कांहींच वाढ आढळली नाहीं, आणि दुसऱ्या गटाच्या मानानें तो २४ टक्क्यांनीं कमी ठरला. हे निष्कर्ष २०१३ सालीं प्रसिद्ध झाले. सुरकुत्यांच्या बाबतींत इतका चोख पुरावा फारच थोड्या उपायांमागें आहे. मात्र तें लावण्याची रीत हवी. डबीवर ३० किंवा अधिक अंक असलेलें घ्यावें. चेहरा व मान यांस दोन बोटांच्या लांबीइतकें लागतें, चिमूटभर पुरत नाहीं. आणि बाहेर असल्यास दोन-तीन तासांनीं पुन्हां लावावें लागतें. ज्यांस हा खर्च नको, त्यांनीं सकाळीं दहापासून दुपारीं चारपर्यंत सावली धरावी, छत्री वापरावी, दुपट्टा किंवा पदर तोंडावरून घ्यावा. आपल्या मुली दुचाकीवर बसतांना दुपट्ट्यानें तोंड गुंडाळतात, त्याला कोणी हंसूं नये. त्यांत मोठें शहाणपण आहे.

आतां औषधांकडे वळूं. पडलेल्या बारीक चुण्या थोड्याफार कमी करणारें मलम म्हणून वैद्यकानें नीट पारखलेलें औषध मुख्यतः एकच, तें म्हणजे ट्रेटिनॉइन. हें अ-जीवनसत्त्वापासून बनतें. फिलाडेल्फियाचे त्वचातज्ज्ञ अल्बर्ट क्लिग्मन हें औषध मुरुमांसाठीं देत असत. तेव्हां प्रौढ रुग्ण स्त्रियांच्या चुण्याही कमी झालेल्या आढळल्या. त्यांनीं तें १९८६ सालीं प्रसिद्ध केलें, आणि १९९५ सालीं अमेरिकन सरकारच्या औषध-खात्यानें बारीक सुरकुत्यांसाठीं त्यास मान्यता दिली. याच क्लिग्मननीं तेथील तुरुंगांत कैद्यांवर केलेले प्रयोग पुढें निंद्य ठरले, हेंही नमूद करणें न्यायाचें होईल. औषध मात्र गुणाचें आहे. तें वाटाण्याएवढेंच, रात्रीं लावावयाचें असतें. आरंभीं लाली येते व सालें निघतात. गुण दिसण्यास चार ते सहा महिने लागतात. आणि तें चालूं असतां उन्हापासून जपावें लागतें. गर्भिणीनें व गर्भाची इच्छा धरणाऱ्या स्त्रीनें तें मुळींच वापरूं नये. डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून तें घेणें शहाणपणाचें नव्हे. जाहिरातींत जें कोलाजेनयुक्त मलम म्हणून मिळतें, त्यांतील कोलाजेनचे कण इतके मोठे असतात कीं ते कातडींतून खालीं उतरत नाहींत; वर बसून थोडा ओलावा धरतात, इतकेंच.

घरगुती उपायांविषयींही याच न्यायानें बोललें पाहिजे. आपल्या रानांतील चारोळी दुधांत वाटून लावणें, साय व हळद लावणें, थंडींत मोहाच्या बियांचें तेल चोळणें, हे प्रकार वाईट नाहींत. कोरड्या कातडीला त्यानें ओलावा मिळतो, आणि कोरडेपणानें उठून दिसणाऱ्या चुण्या कांहीं तास बुजल्यासारख्या दिसतात. परंतु तुटलेले तंतु त्यानें सांधले जात नाहींत. लिंबू चोळणें मात्र सोडावें. लिंबू लावून उन्हांत गेल्यास कातडीवर काळे डाग उठतात आणि ते लवकर जात नाहींत.

भगिनींनीं ज्या इंजेक्शनाची धास्ती घेतली आहे, तें बहुधा बोटॉक्स असावें. हें खरोखरीच एक जालीम विष आहे. बिघडलेल्या मांसांत एक जंतु हें विष तयार करतो. जर्मनींतील वुर्टेंबर्ग प्रांतांत १८२० च्या सुमारास खराब झालेलीं मांसाचीं सॉसेजें खाऊन माणसें लुळीं पडून मरत, त्यांचें बारकाईनें वर्णन युस्टिनस केर्नर या वैद्यानें केलें. मज्जातंतूकडून स्नायूला जो हुकूम जातो, तो हें विष वाटेंतच अडवतें. पुढें सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रवैद्य ॲलन स्कॉट यांनीं अत्यल्प मात्रेंत तें तिरळेपणावर वापरलें, आणि १९८९ सालीं त्या कामीं त्यास मान्यता मिळाली. कॅनडांतील नेत्रवैद्य जीन कॅरदर्स पापण्यांच्या आंकडीवर हें औषध देत असतां, रुग्ण स्त्रीच्या भुंवयांमधील आठ्याही गेल्याचें आढळलें. त्यांनीं व त्यांचे त्वचातज्ज्ञ पति यांनीं १९९२ सालीं तें जाहीर केलें. आठ्यांसाठीं अमेरिकेंत मान्यता मिळाली ती २००२ सालीं. वचनाग शुद्ध करून वैद्य देतात, तशांतलाच हा प्रकार समजावा. याचा गुण दुसऱ्या जातीवर, म्हणजे स्नायूंनीं पडणाऱ्या वळ्यांवर आहे. उन्हानें पडलेल्या चुण्यांवर फारसा नाहीं. तीन-चार दिवसांत परिणाम दिसूं लागतो, पंधरवड्यांत पुरा होतो, आणि तीन-चार महिन्यांनीं ओसरतो; पुन्हां टोंचून घ्यावें लागतें. जाणत्या हातांत धोका थोडा आहे. अजाण हातांत पापणी ओघळते व कित्येक आठवडे तशीच राहते. गर्भिणींनीं, अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांनीं आणि स्नायुदौर्बल्याचा विकार असलेल्यांनीं तें टाळावें.

तिसऱ्या जातीवर फिलर म्हणून दुसरें इंजेक्शन असतें. हायालुरोनिक आम्ल हा आपल्याच शरीरांत असणारा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ. त्याचा दाट रस कातडीखालीं भरून खळगा उंच करतात. तो सहा महिन्यांपासून वर्ष-दीड वर्ष टिकतो. सुई चुकून रक्तवाहिनींत गेली तर मात्र तेथील कातडी मरते, आणि क्वचित् प्रसंगीं डोळ्याची दृष्टिही जाते. म्हणून ज्यांना हा रस विरघळविणारें औषध ठाऊक आहे आणि जे तें जवळ बाळगतात, अशा डॉक्टरांखेरीज कोणाच्याही हातून फिलर भरून घेऊं नये. याशिवाय आम्लांनीं वरचा थर सोलून काढणें आणि लेसर किरणांनीं कातडीला सूक्ष्म इजा करून नवे तंतु उत्पन्न करविणें, हे दोन मार्ग आहेत. दोन्हींनीं पहिल्या जातीच्या चुण्या कमी होतात. परंतु आपल्या सांवळ्या कातडीचा एक स्वभाव आहे. इजा झाली कीं ती काळी पडते. गोऱ्या लोकांस मानवणारी तीव्र मात्रा आपल्याला दिली, तर सुरकुतीच्या जागीं डाग पदरीं येतो. चौथ्या जातीला शस्त्रक्रियेवांचून खरा उपाय नाहीं. कानाच्या पुढें छेद घेऊन सैल कातडी व तिच्याखालील पडदा वर ओढून शिवतात. ती मोठी शस्त्रक्रिया आहे, आणि तिचे धोकेही शस्त्रक्रियेचेच आहेत.

दोन साध्या गोष्टी येथेंच सांगून टाकतों. दांत पडल्यावर ओंठ आंत जातात आणि तोंडाभोंवतीं ज्या वळ्या पडतात, त्या नीट बसविलेल्या कवळीनें जितक्या उजळतात तितक्या कोणत्याही मलमानें नाहीं. शिवाय अन्नही चावतां येतें. आणि विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या चेहऱ्यावर वळ्या लवकर येतात, हें डॉक्टरांनीं पुष्कळदां पाहिलें आहे. आपल्या भागांत याहून मोठा शत्रु खर्रा आहे. सुपारी, तंबाखू व चुना घोटलेला हा पदार्थ गालांची आंतील बाजू ताठ करतो, तोंड उघडेनासें होतें, आणि पुढें कर्करोगाची वाट मोकळी होते. गडचिरोली जिल्ह्यांत २०१६ पासून ‘सर्च’ संस्थेच्या पुढाकारानें ‘मुक्तिपथ’ ही मोहीम दारू व तंबाखूविरुद्ध चालली, ती उगीच नव्हे. ज्या घरांत सुनेच्या मलमाची चर्चा होते, त्या घरांत मुलांच्या खिशांतील खर्ऱ्याची पुडीही एकदां पाहिली जावी.

आतां सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. या सूनबाईंच्या चेहऱ्याचीं जीं लक्षणें पत्रांत आहेत, तीं स्टेरॉइड मिसळलेल्या मलमाचीं असण्याचा फार संभव आहे. हें औषध आरंभीं सूज व लाली दाबतें, म्हणून चेहरा स्वच्छ दिसतो. पण महिनोन्महिने लावल्यास कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या वर दिसूं लागतात, आणि सुरकुत्या उलट वाढतात. अशीं मलमें चिठ्ठीवांचून विकूं नयेत असा नियम केंद्र सरकारनें २०१८ सालीं केला. तरीही तीं मिळतात. दुसरें विष पाऱ्याचें. अकोल्यांतील एका कुटुंबांत आई व दोन मुली पार्लरमधून आणलेलें एक मलम लावीत होत्या. तिघींच्याही मूत्रपिंडांना विकार जडला, आणि मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयांत तपासल्यावर मलमांत पारा आढळल्याचें २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. केरळांतील मूत्रपिंडतज्ज्ञांनींही त्याच सुमारास तसलेच रुग्ण पाहिले: विशिष्ट प्रकारच्या मूत्रपिंडविकाराचे १५ रुग्ण, आणि त्यांतील १३ जण गोरेपणाचीं मलमें वापरणारे. आपल्या कायद्यानें चेहऱ्याच्या प्रसाधनांत नकळत मिसळलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. तेव्हां या भगिनींनीं ती डबी फेंकून देऊं नये; ती घेऊन सुनेला त्वचारोगतज्ज्ञाकडे न्यावें. चंद्रपुरास २०१५ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें दाखविण्यास मोठा खर्चही येत नाहीं. मलम एकदम बंद केल्यास आग फार भडकते, म्हणून तें कसें सोडावें हेंही डॉक्टरांनींच ठरवावें. आणि इतक्यांत कोणतेंही इंजेक्शन किंवा लेसर नको. भाजलेल्या जागेवर नक्षी काढीत नाहींत.

राहिला पहिला प्रश्न, शोभतें कीं नाहीं हा. त्याचें उत्तर देण्यापूर्वीं वाचकांस आपल्याच जिल्ह्यांतील वरोऱ्याकडे नेतों. १९४९ सालीं बाबा आमटे यांनीं महारोगी सेवा समिति स्थापन केली, आणि तिचें आनंदवन पुढें जगास ठाऊक झालें. कुष्ठरोगाच्या एका प्रकारांत रोगाचे जंतु चेहऱ्याच्या कातडींत असंख्य साठतात, कातडी जाड होते, भुंवया झडतात. औषधानें जंतु मरतात व सूज ओसरते. परंतु तोंवर आंतील लवचिक तंतु नष्ट झालेले असतात. मग पस्तिशीचा माणूस साठीचा दिसूं लागतो. त्याच्या अंगांत रोगाचा कण उरलेला नसतो, त्याच्यापासून कोणास भय नसतें. पण त्या सुरकुत्याच त्याला ओळखवून देतात, आणि गांव त्याला विहिरीजवळ उभें करीत नाहीं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत प्लास्टिक सर्जरीचा विभाग उभारणारे डॉ. नोशीर अंटिया यांनीं अशा चेहऱ्यांवर पुष्कळ काम केलें. खचलेलें नाक उभारणें, गेलेल्या भुंवया टाळूच्या केंसाळ कातडीनें पुन्हां बसविणें, सैल कातडी काढून वळ्या नाहींशा करणें, हे सारे उपाय या शास्त्रांत आहेत. आणि कुष्ठरोग्यांच्या चेहऱ्याच्या पुनर्रचनेवरील त्यांचा प्रबंध १९६३ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्सच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाला. मुंबई-नागपूरच्या श्रीमंतीची हौस म्हणून आपण जिला हंसतों, तीच सुरकुत्या काढण्याची शस्त्रक्रिया येथें माणसाला त्याचें गांव व त्याची रोजी परत देते. जाता जातां सांगतों: चंद्रपूर व गडचिरोली येथें हा रोग अजून आढळतो. अंगावर न खाजणारा, स्पर्श न कळणारा फिकट किंवा लालसर चट्टा दिसला, तर सरकारी दवाखान्यांत दाखवावें. औषध फुकट मिळतें आणि रोग पूर्ण बरा होतो.

यावरून आम्हांस जें सुचतें तें असें. चेहरा हा केवळ कातडीचा तुकडा नव्हे. माणूस चार माणसांत वावरतो तो त्याच्याच ओळखीवर. म्हणून सुरकुतीवर उपचार करणें शोभतें कीं नाहीं, हें त्या उपचारावरून ठरत नाहीं. त्यामागें कोणतें दुःख आहे यावरून ठरतें. सूनबाईंचें दुःख कुष्ठरोग्याच्या दुःखाशीं तोलण्याचें कारण नाहीं. परंतु दोहोंचें मूळ एकच आहे, तें म्हणजे पाहणाऱ्यांची जीभ. घरांतील पुरुष केंसांना कलप लावतात, कवळी बसवितात, आणि त्यांच्या कुलीनतेला त्यानें बाध येत नाहीं. मग सुनेला निराळा दंडक कां? तिनें आपल्या कमाईंतून, कर्ज न काढतां, नीट चौकशी करून, जाणत्या डॉक्टरांकडून उपचार घेतला, तर त्यांत उणेपणा कांहींच नाहीं. उणेपणा झाला तो थट्टेंत झाला. त्या थट्टेनें तिला चोरून मलम आणावयास लावलें. घरांत मोकळेपणानें बोलतां आलें असतें, तर ती डबी घरांत येण्यापूर्वींच कोणी तरी तिच्यावरचें नांव वाचलें असतें.

उलट पक्षीं सुनांनाही एक विनंति आहे. उपचाराची इच्छा आपली स्वतःची आहे कीं दुसऱ्या कोणाच्या शब्दानें पेटलेली आहे, हें आधीं शांतपणें पाहावें. दुसऱ्याच्या शब्दाला इंजेक्शन लागू पडत नाहीं. तो शब्द तीन महिन्यांनीं पुन्हां ऐकूं येतो. नवऱ्याच्या किंवा सासरच्या दडपणानें उपचार घेणें तर कधींही योग्य नाहीं. आणि उपचार ठरलाच, तर डॉक्टरांस चार गोष्टी निःसंकोच विचाराव्या: माझी सुरकुती कोणत्या जातीची, औषधाचें नांव काय, आणि त्याची बंद बाटली माझ्यासमोर उघडाल काय, गुण किती महिने टिकेल व एकूण खर्च किती, आणि अपाय झाला तर तुम्ही स्वतः काय कराल. या प्रश्नांवर जो रागावेल, त्याच्या पायरीवरून परत यावें.

चरकानें रसायनप्रकरणांत नाना औषधी सांगून झाल्यावर आचाररसायन म्हणून एक भाग जोडला आहे. सत्य बोलणें, न रागावणें, वेळेवर निजणें व उठणें, गोड बोलणें, हेंही रसायनच, असा त्याचा आशय आहे. त्यांतील झोंप आणि शांत मन यांचें श्रेय आजचे डॉक्टरही मान्य करतात. गोड बोलण्याचा गुण बोलणाऱ्याच्या चेहऱ्यावर किती दिसतो हें सांगतां येत नाहीं. ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर तो दिसतो, हें मात्र एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या प्रत्येकानें पाहिलेलें आहे.

पुढील अंकीं पिकलेले केंस व कलप यांविषयीं लिहिण्याचा मानस आहे. कलपानें अंगावर गांधी उठल्याचा किंवा पापण्या सुजल्याचा अनुभव ज्या वाचकांस आला असेल, त्यांनीं तो अवश्य कळवावा.